जुनं बार्बेक्यू ग्रिल: जुना रंग काढणे, गंज, नवा रंग आणि तो तापवून पक्का करणे

निखारा

२०० लिटरच्या लोखंडी पिंपाचं आडवं ग्रिल आहे, कोळशावर चालणारं. पिंप लांबीत चिरून वरचा अर्धा भाग बिजागऱ्यांवर झाकण म्हणून बसवलाय, खाली अँगलचे चार पाय. बाहेरचा काळा रंग पोपडे धरून सुटतोय. तळाला राख साचते तिथे गंजाने पत्रा खडबडीत झालाय, आणि झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबतात. जाळी बीडाची, दोन तुकड्यांत. झाकणावर लाकडी मूठ आणि तापमापक.

उघड्या पत्र्यापर्यंत सगळं काढून नव्याने रंगवायचं आहे. जुना रंग केमिकलने काढावा की ग्राइंडरने? खाली प्रायमर लागतो का? आतूनही रंगवायचं का? आणि रंगाचे डबे किती लागतील? जाणकारांनी क्रमासकट सांगावं, कारण शोधलं तर प्रत्येक ठिकाणी क्रम वेगळाच दिसतो.

पानेवाला

हत्यार उचलण्याआधी पत्रा तपासा. पिंपाचा पत्रा साधारण १ मिमीचा असतो, म्हणजे गंजाने अर्धा खाल्ला तर उरतंच काय! तळाला, शिवणीलगत आणि पायांच्या वेल्डिंगभोवती जाड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जोर देऊन दाबत जा. टोक आत दबलं किंवा आरपार गेलं तर तेवढा भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून २ मिमीच्या साध्या पत्र्याचं ठिगळ वेल्ड करा. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायचा नाही. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. वेल्डिंगमध्ये त्याचा पांढरा धूर होतो आणि तो विषारी असतो. आगीजवळ गॅल्व्हनाइज्ड नट-बोल्टही नकोत. भोकं बुजवायला गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) भरण्याचा मोह होतो, तीही नको. पॉलिस्टरची लांबी पहिल्याच पेटवणीत करपते आणि वरच्या रंगासकट गळून पडते.

दुसरी तपासणी रंगाची. एखादा पोपडा धारदार पात्याने तिरका कापून थर बघा. खाली विटकरी थर असेल तर तो बहुतेक रेड ऑक्साइड, म्हणजे लोहाचा ऑक्साइड. त्याची चिंता नाही. झगझगीत शेंदरी थर दिसला तर तो शेंदराचा, म्हणजे शिशाचा प्रायमर असू शकतो. तसा संशय आला की कोरडं घासणं पूर्ण बंद. शिसं ओळखायच्या तयार पट्ट्या मिळतात, त्यांनी खात्री करा, आणि शिसं निघालं तर रंग केमिकलने ओलाच काढा. फार जुन्या ग्रिलच्या झाकणाला पांढरट दोरीसारखं गॅस्केट असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते ओढून, खरवडून काढू नका. तपासून घेतल्याशिवाय हातच लावू नका.

मग सुटं करणं. गंजलेल्या बोल्टला आदल्या दिवशी भेदक तेल सोडा आणि हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्या, म्हणजे तेल आट्यांत उतरतं. सुटला नाही तर नट तापवून पाना लावा, पण त्याआधी तेल पूर्ण पुसलेलं हवं. तरीही हलला नाही तर ग्राइंडरने डोकं उडवा. एका ६ मिमीच्या बोल्टसाठी बिजागरीचं भोक ओढून बसण्यात अर्थ नाही. परत जोडताना स्टेनलेसचे बोल्ट घ्या आणि आट्यांना तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांत चिकटून बसतात, मग तोही बोल्ट कापावाच लागतो.

रंगलेप

पानेवाला यांनी पाया नीट सांगितला. पुढचं.

निखारा, झाकणाच्या आतले लोंबणारे पापुद्रे रंगाचे नाहीत. बहुतेक ग्रिलना आतून रंग नसतोच. चरबी आणि धूर थरावर थर बसून करपतात, सुकल्यावर त्याचे रंगासारखे पोपडे निघतात. ते खरवडायचे, पितळी किंवा प्लास्टिकच्या ब्रशने झाडायचे आणि कोमट साबणाच्या पाण्याने धुवायचं. तिथे नवा रंग लावायचा नाही.

आता क्रम. बहुतेक जण सुटं केल्या केल्या ग्राइंडर लावतात. तिथेच नव्या रंगाचं आयुष्य निम्मं होतं. पत्र्यावर ओशट कीट असताना वायर ब्रश फिरवला की ब्रश ते कीट काढत नाही, तापवून पातळ करतो आणि नुकत्या उघड्या झालेल्या धातूवर पसरवतो. वरून चकचकीत दिसतं, पण त्यावर अदृश्य तेलकट पापुद्रा असतो. म्हणून आधी ओशटपणा काढा, मग घासा, आणि घासल्यावर पुन्हा एकदा ओशटपणा काढा.

पहिली धुणी: गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि लिटरला ३०-४० ग्रॅम धुण्याचा सोडा. कीट जाड असेल तर लोखंडाच्या आणि बीडाच्या सुट्या भागांना कॉस्टिक सोडा. २० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम पुरतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, नाहीतर उकळून अंगावर उडतं. बादली प्लास्टिकची, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, डोळ्यांवर बंद गॉगल. भाग एक-दोन दिवस बुडवून ठेवला की करपलेली चरबी आणि बऱ्याचदा जुना रंगसुद्धा मऊ होऊन हाताने निघतो. ॲल्युमिनियमचा एकही तुकडा त्यात जाता कामा नये. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो.

पिंपाचं धड बुडवता येणार नाही, तिथे पेस्टसारखं पेंट रिमूव्हर लावा आणि वरून प्लास्टिकचा कागद चिकटवा, म्हणजे ते सुकत नाही. डायक्लोरोमिथेन असलेलं रिमूव्हर टाळा. त्याची वाफ बंद जागेत जीवघेणी ठरते. अमेरिकेत रंग काढण्यासाठी ते घरगुती ग्राहकांना विकायला २०१९ पासून बंदी आहे, युरोपीय संघात त्याच्याही आधीपासून.

ठोकपीट

पिंपाच्या धडाला मी केमिकलपेक्षा ग्राइंडरच सुचवेन, अर्थात धुणी झाल्यावर आणि शिशाची शंका नसेल तरच. सपाट भागाला पिळाच्या तारांचा कप ब्रश, खाचांना आणि वेल्डच्या कडांना चाकासारखा अरुंद वायर ब्रश, हट्टी गंजाला ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती). फ्लॅप डिस्क एका जागी थांबवू नका. १ मिमीचा पत्रा तापून निळा पडतो, वाकतो, आणि पातळही होतो.

ब्रशवर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा. छोटे ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात आणि ड्रिलसाठीचे ब्रश त्याच्या निम्म्याही वेगाला बनवलेले नसतात. तारा सुटतात आणि जाड कापडातूनही आत घुसतात. पूर्ण चेहरा झाकणारं कवच, खाली गॉगल, चामड्याचा ॲप्रन. मशीनचं गार्ड काढायचं नाही. ब्रश पत्र्याच्या काठाकडून बाहेर जाईल असा धरा. काठावरून आत येताना तो अडकतो आणि मशीन हातातून उसळतं.

वायर ब्रशने पत्रा गुळगुळीत, चकाकता होतो. तसा सोडू नका. रंगाला पकड लागते. सगळं काढून झाल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १२० ने हाताने आडवं-तिडवं घासा. १२० च्या पुढे जायचं नाही. इथे आरशासारखा गुळगुळीत पत्रा दोषच मानायचा.

बीडकाम

जाळी मात्र ग्राइंडरखाली नको, आणि भर आगीतही नको. जाळी निखाऱ्यात टाकून लाल करायची पद्धत फार प्रचलित आहे. असमान तापल्याने बीड तडकतं किंवा वाकतं, आणि जास्त तापलेल्या बीडावर लालसर खवले चढतात. त्यावर नंतर तेलाचा थर धरत नाही.

कीट कॉस्टिकच्या पाण्यात जातं, वर सांगितलंच आहे. गंजासाठी इलेक्ट्रोलिसिस उत्तम, कारण त्यात चांगला धातू झिजत नाही. प्लास्टिकच्या टबमध्ये लिटरला ५ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. जाळी ऋण टोकाला, टाकाऊ साधा लोखंडी पत्रा धन टोकाला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. २ ते ६ अँपिअर पुरे. टबमध्ये दोन्हींवर बारीक बुडबुडे दिसले की काम सुरू आहे असं समजा. धन टोकाला स्टेनलेस कधीही लावू नका. त्यातून हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते कर्करोगकारक आहे. क्रोम चढवलेल्या जाळ्याही या टबात नकोत. हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवायचा आणि चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद. उलटं जोडलं तर जाळीच विरघळायला लागते, तेव्हा तारा दोनदा बघा.

चार्जर नसेल तर लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात, दर तासाला बघत. रात्रभर विसरून गेलात तर ॲसिड चांगलं बीडही खाईल. बाहेर काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा आणि लगेच ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर कोरडी करा. ओली बाजूला ठेवली की काही मिनिटांतच केशरी झाक चढते.

जाळीला रंग लावायचा नाही, कुठलाही. डब्यावर ६५० अंश लिहिलेलं असलं तरी तो रंग अन्नाच्या स्पर्शासाठी बनवलेला नसतो. कोरड्या गरम जाळीला सरकी, सूर्यफूल किंवा मोहरीचं तेल लावा, मग ते जणू चुकून लागलंय असं समजून कोरड्या फडक्याने सगळं पुसून टाका. जो अंश उरतो तोच हवा. उलटी ठेवून २२० ते २३० अंशांवर तासभर, आतच निवू द्या. असं तीन वेळा. तेल जास्त राहिलं तर चिकट, मधासारखे थेंब गोठतात, ते पुन्हा खरवडावेच लागतात.

कोळसापेटी

सँड ब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा करून पत्रा साफ करण्याचा, कुणीच उल्लेख केला नाही. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळं ब्लास्ट करून घेणं सोपं नाही का?

ठोकपीट

जाड पत्र्याच्या ग्रिलला निःसंशय उत्तम. रंगाला तशी पकड दुसऱ्या कशाने मिळत नाही, कोपरे आणि वेल्डच्या खाचाही साफ होतात. पण पिंपाचा पातळ पत्रा ब्लास्टिंगच्या माऱ्याने ताणला जातो आणि फुगतो, डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर व्हायला लागतो. ती कायमची विकृती. करून घ्यायचंच असेल तर आधी सांगा: दाब ३-४ बार, नोझल तिरकं, मारा सतत सरकता, माध्यम बारीक गार्नेट किंवा काचेचा चुरा. साध्या वाळूने कुणी करत असेल तर नको म्हणा. त्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो. आणि ब्लास्टिंगला देण्याआधी ओशटपणा तुम्हीच काढायचा. माध्यम पुन्हा पुन्हा वापरलं जातं, त्यात आधीच्या कामाची चरबी असेल तर ती तुमच्या पत्र्यात ठोकली जाते.

खाण्याच्या सोड्याने ब्लास्टिंग करतात, ते पातळ पत्र्याला सौम्य असतं. पण त्याने गंज निघत नाही, पकडही तयार होत नाही, आणि उरलेली सोड्याची भुकटी रंगाखाली राहिली तर रंग सुटतो. नंतर भरपूर पाण्याने धुवावं लागतं.

निखारा

खूपच उपयोगी. म्हणजे धड धुवून ग्राइंडर, जाळी टबात. आता गंजावर लावायचं कन्व्हर्टर मिळतं, गंज काळा करतं ते, ते लावून वरून रंग चालेल का? तळाच्या खड्ड्यांतला सगळा गंज ब्रशने निघत नाहीये. आणि प्रायमरचं राहिलंच.

रंगलेप

कन्व्हर्टर नको. बाजारातली बहुतेक कन्व्हर्टर टॅनिक ॲसिड आणि पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिकसारख्या रेझिनची असतात. रेलिंगला, फाटकाला ठीक. ग्रिलवर ते रेझिन तापून जळतं आणि वरचा उष्णतारोधक रंग हवेत तरंगत राहतो, मग पोपडा धरतो. फॉस्फोरिक ॲसिडचं साधं पाणी खड्ड्यांत ब्रशने लावून गंज विरघळवता येतो, पण ते सुकू न देता धुवून काढायचं. पांढरी भुकटी मागे राहिली तर ती घासून काढायची. खड्ड्यात गडद तपकिरी, घट्ट बसलेला गंजाचा डाग राहिला तर चालतो. नखाने भुगा होतो तो गंज चालत नाही.

प्रायमर: साधा रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर ग्रिलवर लावायचा नाही. दीडशे अंशांच्या आसपासच त्यांचा दम संपतो. उष्णतारोधक रंग सिलिकॉन रेझिनचे असतात आणि बहुतेक थेट उघड्या धातूवर लावण्यासाठी बनवलेले असतात. कंपनीचा स्वतःचा जुळणारा उष्णतारोधक प्रायमर असेल तर तो वापरा, नाहीतर काहीच नको. कारखान्यांतल्या चिमण्यांना खाली इनऑरगॅनिक झिंक सिलिकेट (जस्ताचा प्रायमर) मारतात, ते ४०० अंशांपर्यंत टिकतं, पण त्याला ब्लास्ट केलेलाच पत्रा लागतो. हाताने घासलेल्या पिंपाला उपयोग नाही. पाय आणि खालची फळी आगीपासून लांब असते, तिथे साधा प्रायमर आणि साधा एनॅमल रंग खुशाल लावा. गंजापासून राखण तोच जास्त चांगली करतो.

आता ज्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात ती. घासून झाल्यावर, रंगाआधी, रिकामं ग्रिल एकदा तापवा. सगळं जोडा (मूठ आणि तापमापक वगळून), थोडा कोळसा पेटवा, झाकण लावून बाहेरचा पत्रा २००-२५० अंशांवर तासभर ठेवा. पिंपाच्या कडेला जिथे पत्रा दुमडून शिवण केलेली असते, बिजागरीच्या पट्टीखाली आणि वेल्डच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांची चरबी मुरलेली असते. साबण तिथे पोचत नाही. तापलं की ती पाझरून बाहेर येते, शिवणीलगत चॉकलेटी ओघळ दिसतात. गार झाल्यावर ते ओघळ १२० च्या पेपरने घासा, मग सगळा पत्रा ॲसिटोनने पुसा. एका फडक्याने लावायचं, सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने टिपायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल फक्त जागा बदलतं. पांढरं फडकं पांढरं निघेपर्यंत करा. ॲसिटोन पेट घेतं, त्यामुळे पत्रा पूर्ण गार आणि आसपास निखारा नाही हे आधी बघा.

त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही. बोटांचे ठसे रंगाखाली गंज धरून वर येतात, अगदी रेषांसकट. पुसल्यापासून चार तासांच्या आत रंगाचा पहिला हात मारा.

निखारा

हे तापवणं कुठेच वाचलं नव्हतं. रंग मारण्याची रीत आणि डब्यांचं गणितही सांगा.

रंगलेप

पिंपाचा व्यास सुमारे ५७ सेंमी, लांबी सुमारे ८८ सेंमी. गोल अंग १.६ चौरस मीटर, दोन्ही टोकं मिळून अर्धा चौरस मीटर, एकूण २.१. ४०० मिलीचे तीन स्प्रे डबे धरा. डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ एकाच हाताचं असतं आणि गोल पृष्ठावर बराचसा फवारा हवेतच जातो. तीनही डबे एकाच बॅचचे घ्या, काळ्यातही छटा वेगळ्या निघतात.

डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. या रंगातलं पिग्मेंट जड असतं, तळाला बसतं. पत्रा २०-३० अंशांचा, हवा कोरडी. २५-३० सेंमीवरून, पत्र्याच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात अगदी विरळ, खालचा धातू दिसला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकूण सुकलेला थर ४०-५० मायक्रॉन पुरे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. साध्या रंगात जाड थर म्हणजे टिकाऊ, इथे नेमकं उलट. जाड थराची वरची कातडी आधी आवळते, आत अडकलेलं थिनर तापल्यावर उकळतं आणि फोड येतात.

पुढच्या हाताची वेळ डब्यावर वाचा. बऱ्याच रंगांना ‘एका तासाच्या आत, नाहीतर २४ किंवा ४८ तासांनी’ अशी अट असते. मधल्या वेळात मारलं तर वरचं थिनर खालच्या अर्धवट सुकलेल्या थराला उचलतं आणि सुरकुत्या पडतात.

बंद खोलीत नको. धुळीचा साधा मास्क इथे काहीच करत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क हवा.

पानेवाला

झाकण आणि धड जिथे एकमेकांवर टेकतात ती कड रंगवू नका. तिथे रंग मऊ असताना चिकटतो आणि झाकण उघडताना पट्ट्याने निघतो. तापमापकाच्या भोकाला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा. मास्किंग टेप रंग हाताला लागेनासा झाला की काढा. टेपसकट तापवलं तर डिंक भाजून पत्र्याला कायमचा डाग राहतो.

रंगलेप

हो, आणि आतून रंग नाही. आतल्या पत्र्याला जाळीसारखाच पातळ तेलाचा हात द्या.

आता तापवून पक्का करणं. सुकलेला सिलिकॉन रंग म्हणजे फक्त थिनर उडालेला रंग. नखाने ओरखडा निघतो, पेट्रोलने पुसला जातो. २०० अंशांच्या पुढे रेझिनचे रेणू एकमेकांत विणले जातात तेव्हाच तो कडक होतो. एक दिवस हवेत वाळू द्या, मग तीन टप्पे: १२० अंशांवर अर्धा तास, पूर्ण गार; २०० वर अर्धा तास, पूर्ण गार; मग २६० ते ३०० वर अर्धा-पाऊण तास. डब्यावर वेगळं दिलं असेल तर डब्याचं ऐका.

तापमान पत्र्याचं मोजायचं, आतल्या हवेचं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर मॅट काळ्या रंगावर बरोबर दाखवतं. उघड्या चकाकत्या धातूवर बरंच कमी दाखवतं, तिथे फसू नका. कोळसा मध्यभागी एकच ढीग घातला तर मध्य ३०० वर आणि टोकं ९० वर राहतात. दोन्ही टोकांना छोटे ढीग करा आणि हवेच्या झडपांनी आच सांभाळा. रंग थोडा मऊ पडेल, धूर येईल, उग्र वास येईल, ते अपेक्षित आहे. उघड्यावरच करा, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, आणि धूर पूर्ण थांबेपर्यंत काहीही शिजवू नका. सुटे भाग स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये भाजायचे नाहीत.

निळी ज्योत

धागा कोळशाचा आहे, पण गॅस ग्रिलवाले वाचत असतील म्हणून. गॅसच्या ग्रिलचं झाकण बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. चुंबक चिकटत नसेल आणि वजनाला हलकं असेल तर ॲल्युमिनियम समजा. कॉस्टिक नाही, धुण्याच्या सोड्यात भिजवणंही नाही. साबण, प्लास्टिकचं खरवडणं आणि मग १८० चा पेपर. ओतीव ॲल्युमिनियम सच्छिद्र असतं, त्यामुळे रंगलेप यांनी सांगितलेली आधीची तापवणी इथे दुप्पट महत्त्वाची. पण झाकण ३०० अंशांच्या वर नेऊ नका. ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, वितळायच्या जवळ पोचलं तरी डोळ्यांना कळत नाही.

बर्नर, त्याकडे जाणारी नळी आणि व्हॉल्व्ह यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. बर्नरची भोकं तारेने मोकळी करा, पण गॅसच्या जेटचं भोक कोरायचं नाही. ते दशांश मिलिमीटरने मोठं झालं तरी ज्योत पिवळी आणि काजळी. नळीत कोळ्यांची जाळी असतात, ती बाटली धुण्याच्या लांब ब्रशने काढा. रबरी नळी वाकवल्यावर चिरा दिसल्या तर नवी. परत जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून, बर्नर बंद ठेवून सिलेंडर उघडा. फुगा वाढला तर गळती. पेटत्या काडीने तपासायचं नाही.

कोळसापेटी

आणि किटलीच्या आकाराचं चकचकीत ग्रिल? त्याचा टवका उडालाय, आत काळा थर दिसतो.

बीडकाम

तो रंग नाही, काचेचा मुलामा आहे, ८०० अंशांच्या आसपास भट्टीत चढवलेला. ओळखायची खूण: ॲसिटोनने पुसला तर काहीच होत नाही आणि टवक्याची कड काचेसारखी धारदार लागते. कुठलंही रिमूव्हर त्याला चालत नाही आणि तो काढायचाही नसतो. टवक्यातला गंज पॉलिश पेपरच्या घडीच्या टोकाने काढा, काचेची कड थोडी बोथट करा, ॲसिटोन, मग छोट्या ब्रशने उष्णतारोधक रंगाचे दोन पातळ हात. चमक जुळणार नाही, गंज मात्र थांबेल. सगळं झाकण रंगवू नका, काचेवर या रंगाची पकड धड बसत नाही.

निखारा

झाकण रंगवून पहिल्या टप्प्याला तापवलं. शिवणीजवळ दोन-तीन बारीक फोड आले, बाकी छान बसलंय. आत्ताच सगळं काढावं लागेल का?

रंगलेप

नाही. पण फोड कशाचा ते आधी बघा, उपाय त्यावर ठरतो. पात्याच्या टोकाने एक फोडा. आत धातू तपकिरी, चिकट असेल तर शिवणीतली चरबी अजून पाझरतेय. आत कोरडा, स्वच्छ धातू असेल तर थर जाड झाला किंवा तापवायची घाई झाली. आत केशरी भुकटी असेल तर खाली गंज राहिला. तुमची जागा शिवणीची, तेव्हा बहुतेक पहिलंच कारण. तापवण्याचे उरलेले दोन्ही टप्पे तसेच पूर्ण करा, म्हणजे आहे तेवढी चरबी बाहेर येईल. मग फोडाभोवती दोन बोटं रुंद जागा १२० च्या पेपरने धातूपर्यंत घासा, कड उतरती करा, ॲसिटोन, दोन पातळ हात आणि पुन्हा तीन टप्पे.

इतर खुणाही लिहून ठेवतो, पुढे कुणालाही लागतील. मोठा पापुद्रा अखंड निघतो आणि त्याची खालची बाजू चकचकीत असते: पत्रा जास्त गुळगुळीत होता किंवा तेलकट. अंगठ्याने चोळलं की हात काळा होतो: रंग पुरेसा तापलाच नाही, पुन्हा २६० पर्यंत न्या. सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके: थर फार विरळ राहिला, किंवा दमट हवेत मारला. तळाशी राखाडी-पांढरट पडून भुगा होतोय: तिथे निखारे थेट पत्र्यावर टेकलेत. निखाऱ्यांचं तापमान ७०० अंशांच्या वर सहज जातं, त्याला कोणताही डबा पुरा पडत नाही. कोळशाची जाळी तळापासून ६-८ सेंमी उंच बसवा.

काळा रंग लालसर झाला तर घासू नका, डबा बदला. स्वस्त काळ्या रंगात लोहाचा काळा ऑक्साइड असतो आणि तो तापून लाल ऑक्साइड होतो, त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो.

पानेवाला

तळाची राख प्रत्येक वेळी गार झाल्यावर काढा. लाकडी कोळशाच्या राखेत क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून धरतात. ओली राख पत्र्यावर आठवडाभर राहिली की आतून गंज सुरू होतो आणि बाहेरचा रंग निर्दोष असतानाच पत्र्याला भोक पडतं. पिंपाच्या सगळ्यात खालच्या रेषेत ८-१० मिमीचं एक भोक पाडून ठेवा, पावसाचं पाणी निघून जाईल. झाकायचं कापड ग्रिल पूर्ण गार आणि कोरडं झाल्यावरच घाला.

लाकडी मुठीला पॉलिश नको, तापून सोलतं. पेपरने घासून जवसाचं तेल दोन हात. ते पुसलेली फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा. मूठ आणि पत्र्याच्या मध्ये दोन-दोन जाड वॉशर घातले तर बोल्टजवळ लाकूड करपत नाही.

निखारा

फोडला. आत तपकिरी आणि चिकटच होतं. उरलेले दोन टप्पे तापवून मग ती पट्टी घासतो. धडाला रंग मारण्याआधी खालच्या शिवणीची रिकामी तापवणी पुन्हा करतो, तिथून अजून ओघळ येतोय.

रंगलेप

बरोबर. तिथे दुसऱ्या तापवणीला धड थोडं तिरकं ठेवा, शिवण खालच्या अंगाला येईल असं. चरबी एका टोकाला गोळा होते आणि फडक्याने टिपता येते. ओघळ यायचा थांबला की मगच ॲसिटोन.